लाल ओळी

“आमच्याकडून मेसेज गेलेत, बाई. लॉगच्या नोंदींत एकही एरर नाही. तुमचाच फोन बिघडला असेल,” पूर-इशारा कक्षातले साहेब म्हणाले. खडकवासला धरणातून पाणी सोडल्याचा इशारा आलाच नव्हता; नंदाबाईंची नदीकाठची वस्ती झोपेतच पाण्याखाली गेली होती. फोन तेवढा त्यांनी डोक्यावर धरून कोरडा ठेवला होता, मेसेज येईल म्हणून. सर्व्हर सांभाळणाऱ्या चैतालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एरर दिसेल कशी, सर? रिपोर्टमध्ये लाल ओळी बऱ्या दिसत नाहीत म्हणून एरर नोंदवणंच बंद करायला लावलंत तुम्ही!” एरर नोंदवणं पुन्हा सुरू करून तिने वस्तीतल्या सगळ्यांना चाचणीचा मेसेज सोडला. स्क्रीन लाल ओळींनी भरत गेली. नंदाबाईंचा फोन गप्पच होता. “बंद कर ते!” साहेब ओरडले. तिने स्क्रीन नंदाबाईंकडे वळवली. “हे लाल काय गं?” “तुमची वस्ती, मावशी. एकेक ओळ म्हणजे मेसेज न पोचलेलं एकेक घर.”