लोरेटाचा ए

"आकडा हललाच नाही की हो," लोरेटा कुझमा म्हणाली. "जरा परत बघा ना."

कॉलेजचे सल्लागार ऑस्ट्रँडर यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. विज्ञानाच्या सहा विषयांची सरासरी चारपैकी २.५. मे महिन्यातही ती तेवढीच होती. नर्सिंगच्या प्रवेशाला २.७५ लागतात, कणभरही कमी चालत नाही. पाच विषय तिने बऱ्यापैकी काढले होते. सहाव्याने, शरीररचनेने, घात केला होता. त्यात डी, म्हणजे इथे नापासच.

बारा वर्षं ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलत होती. आता तिची स्वतःचीच कंबर जायला आली होती. म्हणून या उन्हाळ्यात तिने जिद्दीने तोच विषय पुन्हा घेतला, गावातल्या दुसऱ्या, छोट्या कॉलेजात. इथे उन्हाळ्यात वर्ग नव्हता. आश्रमातल्या जेवणाच्या टेबलावर सगळ्या जणी छातीठोकपणे म्हणाल्या होत्या, "कुठेही कर गं, ए तो ए." इथे ऑफिसात कुणाला विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि ए आला! वर्गात पहिली आली. गुणपत्रक तिने त्याच दिवशी हौसेने इकडे पाठवायला लावलं.

शेजारच्या खुर्चीत ड्वेन लुट्झ बसला होता. पूर्वी तो शाळेची बस चालवायचा. इथला डी घेऊन तोही तिच्यासोबत त्याच वर्गाला गेला होता, तिच्याच गाडीतून. रोज येताजाता ती त्याच्याकडून हाडांची नावं घोकून घ्यायची. "हाडं पाठ करता करता माझीच खिळखिळी झाली," असं म्हणून तो डुलकी काढायचा.

"बाहेरच्या कॉलेजातून फक्त क्रेडिट येतं, लोरेटा, विषय पूर्ण केल्याची नोंद. गुण येत नाहीत," ऑस्ट्रँडर म्हणाले. "जुना गुण पुसायचा तर विषय इथेच परत घ्यावा लागतो."

"एवढंच ना? मग घेते. या सत्रात घेते. मला कसली आलीय लाज!"

ऑस्ट्रँडर यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "आता नाही घेता येणार. तिकडे तुम्ही पास झालात, त्याची नोंद इथे झाली. पास झालेला विषय परत घेता येत नाही."

लोरेटाला आधी हसूच आलं. "म्हणजे डी मोजणार, ए मोजणार नाही, आणि परत बसूही देणार नाही?"

"नियम मी केलेला नाही हो."

"मग ते गुणपत्रक परत पाठवा. मी वर्गाला गेलेच नव्हते म्हणा."

"आलेली नोंद काढता येत नाही."

ती आणखी काहीबाही विचारत राहिली. अर्ज, विनंती, डीनची भेट. प्रत्येकाला उत्तर एकच होतं, आणि ते फार मऊ आवाजात मिळत होतं. शेवटी त्या खुर्चीत बसून ती लहान पोरीसारखी रडली. हातातोंडाशी आलेला घास कुणी हिसकावला तर भांडता तरी येतं. इथे भांडायला समोर कुणी नव्हतंच.

ड्वेनने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मान खाली घालून त्याने आपला कागद हळूच पुढे सरकवला.

"माझं तर विचारूच नका, साहेब. मी तिकडेही नापास झालो."

"नापास?" ऑस्ट्रँडर यांचा चेहरा त्या सकाळी पहिल्यांदाच उजळला. "अहो, मग तुमचं काहीच बिघडलेलं नाही! सोमवारच्या वर्गात एक जागा आहे, लगेच नाव घालतो."