हांझाचा पहिला दाणा

सासू गेल्यावर लारबाने पहिल्यांदाच एकटीने हांझाच्या बिया भिजवल्या होत्या. बाजरीचं कोठार रिकामं झालं की गावाला या रानझुडपाचाच आधार. पण बी कडू, विषारी. दिवसचे दिवस पाणी बदलायचं, त्या पाण्याला शेळ्यांनाही तोंड लावू द्यायचं नाही, आणि मगच शिजवायचं.

शिजलेला पहिला दाणा सासू चाखायची. आपल्या झोपडीत बसून सावकाश चावायची. तिने गिळला, की पोरीला वाढायचं. आतून ‘थू’ ऐकू आलं, तर पातेलं उपडं करायचं.

आज दाणा लारबानेच चाखला. कडूपणाचा मागमूस नव्हता. तरी ती उंबऱ्यावरची सावली सरकेपर्यंत थांबली.

"आई, पोटात कावळे ओरडतायत गं!" तानी कुरकुरली.

"जरा दम धर. आजी असती तर एव्हाना धपाटा बसला असता."

"आजी असती तर एव्हाना वाढलं असतं."

लारबाने वाढलं. तानीने बकाबका तोंडात कोंबलं.

तेवढ्यात सासूच्या झोपडीतून चावल्याचा आवाज आला. सावकाश. मध्येच थांबून, पुन्हा.

लारबाने वळून पाहिलं. दारावर टांगलेल्या चटईला तिने स्वतः बांधलेली दोरी तशीच घट्ट होती.

तानी मात्र दचकली नाही. बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "श्श! आजी चाखतेय."

आवाज थांबला. दोघी कान देऊन बसल्या.

"थू!"

तानीने आईकडे पाहिलं.

"आई, मी तर गिळलं गं."