भिंतीकडची बाजू

त्या खासगी संग्रहात जुन्या गाड्यांच्या रांगेअखेर ती नमुन्याची गाडी होती, कधीच रस्त्यावर न आलेली. त्या काळी एकाच नमुन्याची डावी बाजू एक डिझायनर घडवायचा, उजवी दुसरा. मग कंपनी त्यातली एक निवडायची.

निवृत्त डिझायनर आजोबांची नात समोर दिसणारी डावी बाजू पाहून हरखली. "आजोबा, ही तुम्ही केलीत?"

"मग! दुसरं कोण करणार?" आजोबांनी छाती फुगवली. नात फोटो काढून पुढे पळाली.

गाडी पुसणारा माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, ही बाजू माझ्या वडिलांची. तुमची भिंतीकडे आहे."

आजोबांची मान खाली गेली.

"तीही मी रोज पुसतो, साहेब. तेवढ्याच निगुतीनं."