वायरचं दुसरं टोक

वायरचं एक टोक त्याने गिटारमध्ये खोचलं. दुसरं टोक पडद्यामागे नेऊन खुर्चीच्या पायाखाली दडपलं, कुणी अडखळू नये म्हणून. ते कशालाही जोडायचं नव्हतं. प्रयोगाला अजून बराच अवकाश होता, तरी स्टेजवर आपल्या जागी उभं राहून त्याने सवयीने चेहऱ्यावर वाजवणाऱ्याचे भाव आणले.

बॉसच्या ऑर्केस्ट्राची पद्धतच तशी. वाजवणं सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. कॉम्प्युटरवरून ट्रॅक सुटायचा, गायिका तेवढी खरी गायची, बाकीच्यांनी नुसते हात हलवायचे. ट्रॅकवरची गिटार मात्र त्याचीच होती. हीच लाल गिटार, लग्नाआधी वाजवलेली. तिचा आवाज घोगरा, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा. त्याने कितीतरी गिटारी हाताळल्या, पण तो आवाज दुसरीतून निघाला नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये, मधल्या तुकड्यात, त्याचं बोट तारेवरून घसरलं होतं आणि लोकांनी नेमकं तेच डोक्यावर घेतलं. तेव्हापासून दर प्रयोगात तो ती चूक हुबेहूब करून दाखवायचा. न चुकता.

घरी गेला की तोंडाचा पट्टा सुरू. "स्वतःचीच नक्कल करून पोट भरतोय मी! एकदा खरं वाजवू दे म्हणावं, एकदाच!"

बायको दाताच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर पेशंटचं कण्हणं ऐकायचं आणि संध्याकाळी नवऱ्याचं. "मग बोल ना त्या बॉसशी," ती म्हणायची.

"भिंतीशी बोललेलं बरं."

घरात वाजवावं तर भिंती पातळ आणि शेजारी तापट. त्याचा जीव खरोखर घुसमटत होता. पिंजरा बॉसचा आणि कुलूपही बॉसचं, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती.

आणि आज बॉस स्वतः धावत स्टेजवर आला. तोंडचं पाणी पळालेलं.

"कॉम्प्युटर बसला! ट्रॅक लागत नाहीये. खरं वाजवशील ना रे?"

त्याने आधी बायकोला फोन लावला. "अर्धी रजा टाक आणि ये. आज मी वाजवणार आहे."

साऊंडवाल्याने खुर्चीखालून वायर ओढून काढली आणि जोडून दिली. त्याने एक तार छेडली. घोगरा सूर रिकाम्या हॉलभर पसरला, तेव्हा त्याला हसू आवरेना. तो वाजवत सुटला. सूर ओढले, सोडले, मनाला येईल तिथे वळवले. खुर्च्या पुसणारी बाई फडकं हातात धरून उभी राहिली. किती वर्षांनी त्याला असा आनंद झाला होता! हात जड झाले असतील अशी त्याला धास्ती होती. उलट ते पूर्वीपेक्षा तयार झाले होते.

"अंगावर काटा आला," गायिका म्हणाली. "फक्त ती घसरण राहिली बघ. लोक तिच्यासाठी येतात."

त्याने मधला तुकडा पुन्हा घेतला. बोट घसरलं, पण मुद्दाम घसरवल्यासारखं वाटलं. पुन्हा घेतला. बोट नको तिथे जाऊन थांबलं. आणखी एकदा. या वेळी तर ते अगदी बरोबर जागी पडलं, शिकवणीत पडावं तसं स्वच्छ. आजवर आवाज ट्रॅकचा होता, त्यामुळे हे कधी उघडं पडलं नव्हतं. त्याच्या हाताला घसरण्याचा अभिनय येत होता, घसरणं येत नव्हतं.

"होईल, होईल," गायिका मायेने म्हणाली.

हॉल भरत आला. पडद्याच्या फटीतून त्याने पाहिलं. बायको पुढच्याच रांगेत बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. शेजारच्या बाईला स्टेजकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल, ते त्याला इथूनही कळलं.

तेवढ्यात बॉस आला. चेहऱ्यावर पुन्हा रंग आलेला. "कॉम्प्युटर सुरू झाला. बाकीचं सगळं ट्रॅकवर. पण गिटारचं तू ठरव. खरी वाजवायची असेल तर वाजव, ट्रॅकवरची मी बंद करायला सांगतो. तुझं रडगाणं एकदाचं मिटू दे. बोल लवकर."

हॉलमधले दिवे मंद झाले.

"ट्रॅक लावा," तो म्हणाला.

मधला तुकडा आला, घसरण आली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. त्याने मान खाली घालून ठेवली.

प्रयोग संपल्यावर बायको गर्दीतून वाट काढत पडद्यामागे आली. तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मला वाटायचं, तू उगाच कुरकुर करतोस," ती म्हणाली. "आज फरक कळला रे. कुठे ते डबाबंद वाजवणं आणि कुठे हे! सुटलास बघ एकदाचा."