भारीतलं औषध

या मंडळी, जवळ सरकून बसा, एका शहाण्या बापाची गोष्ट सांगतो.

त्याची अडीच वर्षांची लेक न्यूमोनियाने दवाखान्यात होती. तिसरा दिवस उजाडला तरी ताप हटेना, पोर ऑक्सिजनवर धापा टाकत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजवर हिला कोणती अँटिबायोटिक दिलीत?"

बापाची छाती फुगली. "सगळी! दोन शिंका आल्या की बाटली फोडतो. 'थांबा, आपोआप बरं होईल' म्हणणारे चार डॉक्टर सोडले मी."

"प्रत्येक वेळी पूर्ण दिलीत?"

"छे! ताप उतरला की बंद. उरलेलं फ्रीजमध्ये, पुढच्या सर्दीला. आपलं डोकं चालतं, बाई."

बाईंच्या हातात लेकीच्या कफाच्या तपासणीचा कागद होता. त्यावर एकेका औषधापुढे लिहिलं होतं, 'लागू पडत नाही'; अर्धवट औषधांना जंतू सरावले होते.

"बघत काय बसलात? भारीतलं द्या ना काहीतरी!"

"भारीतलं होतं हो," बाई म्हणाल्या, "तुम्ही ते सर्दीवर संपवलंत."

आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लेकराची आठवण ठेवा, मायबाप. बापाची नको, त्याचं कौतुक करायला तो एकटा पुरेसा आहे.