तितराची हाक

"बंदूक आपल्याला कुठली परवडायला! फासेच लावू. मादीचा आवाज तर तुला काढता येतोच की," नवरा म्हणाला. वीटभट्टीचं काम सुटल्यापासून त्याच्या डोक्यात तितराची शिकार बसली होती.

हा आवाज तिला बापानं शिकवला होता. निवडुंगाआड बसून ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत हाका घालत राहिली. घसा सुकला, पाठ धरली. शेवटी गवतातून एक तितर भुलून धावत आला आणि फाशात त्याची मान अडकली.

"एकच?" नवरा कुरकुरला. परतताना फाशांची झोळी तिच्याच खांद्यावर होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारातून हाक आली, "हौसे, ऊठ गं राणी."

लग्न झाल्यापासून तो तिला नुसतं 'ए' म्हणायचा.

ती पांघरुणात तशीच पडून राहिली. इतकी गोड हाक तिलाही कधी जमली नव्हती.