दोन ठोके

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी नवऱ्याला गरम झऱ्यात उतरायची परवानगी दिली, तेव्हा तोमिए त्याच्यासह नदीकाठच्या ऱ्योकानमध्ये, गरम झऱ्याची कुंडं असलेल्या जपानी सरायीत, मुक्कामाला आली, पण एका अटीवर. बायकांच्या कुंडातून तिनं लाकडी बादलीनं मधल्या भिंतीवर दोन ठोके दिले, की पुरुषांच्या कुंडातून त्यानंही दोन द्यायचे. दोनदा उत्तर आलं. तिसऱ्यांदा मात्र नदीच ऐकू आली. पंचा गुंडाळून तोमिए बाकावर चढली, भिंतीवरून डोकावली. नवरा मजेत डुंबत होता. "अहो, ठोके का नाही दिलेत?" "हळू बोल! बादली बघ." पालथ्या बादलीवर इवलासा काजिका बेडूक पक्ष्यासारखा गात होता. "त्याला उठवू कसं?" तोमिएचा राग विरघळला. भिंतीवर हनुवटी टेकवून ती ऐकत राहिली. शेवटी पुरुषांच्या कुंडात कोपऱ्यात बसलेले एक म्हातारबुवा कळवळले, "ताई, आता उतरा! तुमच्यादेखत नागड्यानं बाहेर कसं पडायचं? पार शिजलो!"